दादाच्या वाट्याची चूक

प्रिय धाकट्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी आईंच्या खोलीतली उरलेली औषधं पिशवीत भरत होते, दवाखान्यात परत द्यायला. त्या गेल्या आणि त्यांची मातीही झाली, हे मी तुला एका दमात सांगून टाकलं.  तू विचारलंस, आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का. मी म्हटलं, सावकाश लिहिते. त्यावर तू म्हणालास की आता ते शिकवायचं काम सोडतोय, जिच्या माफीची वाट बघत इतकी वर्षं त्या पोरांपुढे उभा राहिलो तीच राहिली नाही, तिकडे लिफ्टचं काम शिकवणाऱ्या उस्तादांना तसं सांगूनही टाकलंय. मला फोनवर उत्तर सुचत नाही. क्ष-किरण विभागात दिवसभर मी लोकांना दोनच गोष्टी सांगते, श्वास धरा आणि श्वास सोडा. आई, तुझं बोलणं तेवढंच उरलंय, असं माझी लेक, तुझी पुतणी, मला म्हणते. म्हणून लिहायला बसले. आज रविवार आहे, उपासना करून आले, आणि घरात मी एकटीच आहे. हे पत्र रात्रीच्या बसने पाठवते, म्हणजे उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. पाळक मला म्हणाले होते की बाई, त्याला सांगा, शेवटी तुझं नाव तिच्या ओठांवर होतं, यात कुणाचं काय जातं? माणूस चांगला आहे, सगळ्यांचं भलं व्हावं असं त्यांना वाटतं, त्यामुळे मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझं नाव ओठांवर होतं हे खरंच आहे. पण कशासाठी ते ऐक. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं मनगट धरलं, अंगात एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक, आणि म्हणाल्या, "माझ्या मातीला त्याचा हात लागता कामा नये. शब्द दे." मी शब्द दिला. म्हणून तुला सगळं उरकल्यावर कळवलं. निरोप वेळेत पोचला नाही, धावपळ होती, असं कुणी तुला सांगितलं असेल तर ते खरं नाही. मी मुद्दाम कळवलं नाही. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा धीर झाला नाही, आणि खरं सांगू, त्या दिवशी मोडावासाही वाटला नाही. त्यानंतर त्या दोन-तीन दिवस शुद्धीवर होत्या. मी एकदा तुझा विषय काढला, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुन्हा काढला, तर म्हणाल्या, पाणी दे. पाणी दिलं. संपलं ते तिथेच.

त्यांचा स्वभाव मी तुला काय सांगणार. दवाखान्यात त्यांना खाट मिळाली ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि त्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नाहीत. डॉक्टर समजावून थकले. शेवटी खुर्चीत बसवून वॉर्डबॉय आणि माझ्या विभागातली दोन माणसं त्यांना जिन्याने वर घेऊन निघाली. प्रत्येक वळणावर त्या बजावत होत्या, नीट धरा रे, माझं एक लेकरू पाडलंत तेवढं पुरे. त्या बिचाऱ्यांना कळेना, आपण कुणाचं लेकरू कधी पाडलं. वर पोचल्यावर घाम पुसत एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला की ताई, आजींचं वजन काहीच नाही, पण जीभ उचलायला माणूस कमी पडलं. मला हसू आलं. आईंनी ते पाहिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे सगळं तुला माहीत आहे, तरी एकदा क्रमाने लिहू दे, कारण आपण दोघं त्या दिवसाबद्दल कधी बोललोच नाही. तुमच्या लिफ्टदुरुस्तीच्या कामाचा नियम तुझ्या दादाने मला नवी नवरी असतानाच शिकवला होता, जेवताना, कुलूप ताटाशेजारी ठेवून. लिफ्टच्या कामाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या दांड्याला प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं. जितकी माणसं तितकी कुलुपं. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली, आणि ती त्याच्याच खिशात. शेवटचा माणूस बाहेर येऊन स्वतःचं कुलूप काढेपर्यंत लिफ्ट जागची हलू शकत नाही. बाहेरच्या माणसांबरोबर काम असलं की तुम्ही हे तंतोतंत पाळायचात. दोघंच असलात की मात्र एकच कुलूप. सख्ख्या भावांत कसली दोन कुलुपं, वाटण्या झाल्यात का आमच्या, असं तुझा दादा म्हणायचा. आई ते चर्चमध्ये चारचौघींना अभिमानाने सांगायच्या, आणि मलाही ऐकायला आवडायचं. त्या दिवशी तो खाली लिफ्टच्या खड्ड्यात होता आणि किल्ली वर तुझ्याकडे होती. तो वर आलाय असं तुला वाटलं. तू कुलूप काढलंस आणि स्विच चढवलास. पुढचं मी लिहीत नाही. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा कामावर मीच होते. फिल्म काढायची गरज पडली नाही.

त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला आपण चौघं एका बाकावर बसलो होतो, कडेला तू, मग आई, मग मी, आणि माझ्या मांडीला टेकून तुझी पुतणी. आपल्याकडे प्याला एकच, हातोहात फिरणारा. तू प्यायलास आणि आईंकडे दिलास. त्यांनी पर्स उघडली, हातरुमाल काढला, प्याल्याची कड पुसली, घडी उलटली, पुन्हा पुसली, आणि मगच ओठांना लावली.  मग त्यांनी प्याला माझ्या हातात दिला आणि मी प्यायले. घरी आल्यावर मी पानं घेतली, तर त्या म्हणाल्या, "हाबेल गेला, आणि काइन माझ्या घरात जेवतोय." तू हात धुवून उठलास. पुन्हा चर्चला आला नाहीस, आणि महिन्याभरात शहरही सोडलंस. चर्चच्या मंडळीनेही काही कमी केलं नाही. अपघाताच्या चौकशीत काय ठरलं ते कुणी ऐकून घेतलं नाही, लोकांचं आधीच ठरलं होतं. तुझ्या मागे तुझं नावच काइन पडलं, बायबलातल्या त्या भावाला मारणाऱ्याचं. रविवारच्या शाळेतली पोरं खेळताना ज्याच्यावर राज्य येईल त्याला काइन म्हणायची, आणि तुझी पुतणी त्यांच्यात खेळायची, तिला तेव्हा कळत नव्हतं.

वहिनीने मला कधी काइन म्हटलं नाही, असं तू उस्तादांपाशी बोललास म्हणे. त्यात माझा मोठेपणा नव्हता. मला तुला कुठल्याच नावाने हाक मारायची नव्हती. एका वर्षी तुझ्या दादाच्या आठवणीच्या उपासनेत आईंनी हट्टाने काइनाचा अध्याय वाचायला लावला. पाळकांनी शापापर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं. घरी येऊन मी पुढचं वाचलं, आणि मला नवल वाटलं, कारण लहानपणापासून ऐकत आलेल्या गोष्टीचा तो भाग माझ्या डोक्यातून पार गेला होता. शाप दिल्यावर लगेच देव काइनावर खूण करतो. ती त्याला ओळखून मारावं म्हणून नसते, कुणी त्याला मारू नये म्हणून असते. मी ते आईंना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "देव बाप आहे, म्हणून केली खूण. आई असती तर नसती केली." मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.  पण त्या दिवसापासून तुला अधूनमधून फोन करायला लागले, हे तुझ्या लक्षात आलंय का, मला माहीत नाही.

तुझ्या तिकडच्या पहिल्या वर्षांबद्दल मला कळलं ते उस्तादांकडून. तू लिफ्ट कंपनीच्या गोदामात झाडू मारायचास आणि माणसांशी बोलायचं टाळायचास. उस्तादांनी तुला तिथून उचलून नव्या भरतीच्या पोरांपुढे उभं केलं, म्हणाले, ह्यांना नियम तोंडपाठ आहे पण खरा वाटत नाही, तू सांग. पहिल्या वेळी तू तोंड उघडलंस आणि बाहेर जाऊन ओकलास. पोरं हसली. दुसऱ्या वेळी अर्ध्यावर थांबलास. उस्तादांनी तुझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, म्हणाले, जा, झाडू मार, पुढच्या भरतीला ये. त्यांना दया येत नाही हे तुझं नशीब. त्याच सुमारास तू तिथल्या एका छोट्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागलास. मला फोनवर म्हणाला होतास की मला मोठी प्रार्थना येत नाही वहिनी, एवढंच म्हणतो, आज जे खाली उतरतील त्यांना वर आण. आणि प्याला आला की तू तो पुढे देतोस, पीत नाहीस, आईने एकदा हो म्हटल्यावर पिईन म्हणतोस. तेव्हा मी विषय बदलला. आता ती हो म्हणणार नाही. मग काय करणार आहेस, मरेपर्यंत प्याला पुढे देत बसणार?

तुला माहीत नाही, पण मी एकदा तुझा वर्ग ऐकलाय. नवं मशीन शिकायला आम्हाला तुझ्या शहरात पाठवलं होतं. मी उस्तादांना फोन केला, त्यांनी मला वर्गाशेजारच्या अवजारांच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि दार थोडं उघडं ठेवलं. तू यायच्या आधी दोन पोरांचं चाललं होतं. एक म्हणाला, हाच का तो, भावाला खाली ठेवून लिफ्ट चालवणारा? दुसरा म्हणाला, हो, म्हणून तर याला आता खडूच देतात हातात, पाना देत नाहीत. दोघं हसले. मला राग यायला हवा होता, पण मला वाटलं, बोलू देत. मग तू आलास. केस पांढरे झालेत तुझे. फळ्याकडे तोंड करून क्षणभर उभा राहिलास, तू प्रार्थना करतोयस हे मला पाठीवरून कळलं. मग वळलास आणि सरळ सुरुवात केलीस, मी माझ्या भावाला मारलं, मुद्दाम नाही, पण हात माझा होता.  शेवटी त्या खडूवाल्या पोराने विचारलं, "सर, तुम्हाला झोप लागते?" तू म्हणालास, "लागते. त्याचीच लाज वाटते." त्यानंतर तू एकेकाला कुलूप दिलंस, आणि एका पोराने शेजारच्या मित्राची किल्ली गंमत म्हणून खिशात घातली तेव्हा तू त्याला वर्गाबाहेर काढलंस. तो काकुळतीला आला, पाया पडतो म्हणाला. तू परत घेतलं नाहीस. तेवढ्यात मी तिथून निघून आले. तुला भेटायचं ठरवून आले होते, पण जमलं नाही.

लोक म्हणतात, जुळलेलं हाड आधीपेक्षा मजबूत होतं. आपले पाळकही प्रवचनात सांगतात. खोटं आहे. मी रोज बघते. जुळलेलं हाड जुळल्या जागी जाड दिसतं, बहुतेक वेळा जरा वाकडं असतं, थंडीत दुखतं, आणि माणूस त्याच्यावर चालतो. मी त्या दिवशी तुला चालताना पाहिलं. त्याच्यावरून मला प्रभूचा शिष्य पेत्र आठवला, हे तुला परतीच्या बसमध्येच लिहिणार होते. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याने ओळख दाखवली नाही, तीन वेळा. नंतर समुद्राकाठी प्रभू त्याला भेटला तेव्हा, तू असं का केलंस, असं एकदाही विचारलं नाही. प्रेम आहे का विचारलं आणि लगेच कामाला लावलं. वर त्याचं मरण कसं वाईट असेल तेही सांगून टाकलं. सांत्वन म्हणावं असं त्यात काहीच नाही. आणि पेत्रानेही, आधी बाकीच्यांनी मला माफ करू दे, मग बघतो, असं म्हटलं नाही. तुझ्या आईची माफी मिळाली असती तर मला आनंद झाला असता. ती मिळाली नाही आणि मिळणार नाही, आणि तरी तुझं काम खरं आहे. ते तुला आईने दिलेलं नव्हतं, त्यामुळे ती गेली म्हणून ते संपत नाही.

माझं विचारशील तर मला नीट सांगता येत नाही. काही सकाळी मी तुला माफ केलेलं असतं, अगदी मनापासून, चर्चला जाताना हलकं वाटतं. संध्याकाळी कामावरून आले आणि दार स्वतःच उघडून आत आले की ते परत घेते. पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, रोज नव्याने करा. करते. रोज जमतं असं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या दिवशी दाराआडून ऐकताना एक गोष्ट मला खटकली. तू पोरांना सांगतोस, भाऊ वर आलाय असं मला वाटलं. का वाटलं ते सांगत नाहीस. चौकशीत सांगितलं होतंस, मी तिथे बसले होते. तुझा दादा खड्ड्यात उतरताना केसांना ग्रीस लागू नये म्हणून टोपी घालायचा आणि वर आला की ती मशीनच्या खोलीतल्या खुंटीला अडकवायचा, आणि टोपी खुंटीवर म्हणजे दादा वर, अशी तुमची दोघांची खूण होती. त्या दिवशी उकडत होतं म्हणून तो टोपी खुंटीवर ठेवूनच उतरला, तुला न सांगता. एकच कुलूप ही हौससुद्धा त्याचीच. चौकशीच्या साहेबांनी चूक दोघांची धरली, तेव्हा आई उठून उभ्या राहिल्या, मेलेल्याला नावं ठेवता म्हणून ओरडल्या, आणि त्यानंतर आपल्या घरात टोपीचा विषय कुणी काढला नाही. तू ती सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस. मला ते बरं वाटत आलं, इतकी वर्षं. आता नाही परवडत. तुझ्या पुतणीने परीक्षा दिली ती नर्सिंगची नव्हती, लिफ्टच्या कामाची होती, मलाही निकाल लागल्यावर कळलं. सोमवारी तुझ्याकडे जी नवी भरती येतेय त्यात ती आहे. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. ती म्हणाली, "बाबा कशाने गेले ते मला माझ्या हाताने शिकायचंय." काल तिला गाडीत बसवून दिलं. आजीने तिला आयुष्यभर सांगितलं की बाबा देवमाणूस आणि काका काइन. ती दोन्ही मानत नाही, पण तिसरं तिला कुणी सांगितलेलं नाही, मीही नाही. तू सांग, टोपीसकट, सगळ्या वर्गासमोर, ती कितीही रडली तरी. दादाला वाचवू नकोस. त्याच्या बायकोची तुला परवानगी आहे, आणि आता उठून उभं राहणारं कुणी नाही. तुझी चूक ऐकून ती तुझ्यासारखी होणार नाही एवढंच शिकेल. बापाची चूक तिला कळली नाही तर उद्या कुठल्याशा मैत्रिणीवर जीव टाकून, हसत, तिच्या एका कुलपावर ती खाली उतरेल, कारण तिचा बाप असाच होता आणि ती त्याच्यावर गेली आहे. मला ती संध्याकाळी घरी यायला हवी आहे, धाकट्या. तिला हे शिकवायला तुझ्याइतका योग्य माणूस मला माहीत नाही, आणि हे मी मायेने लिहीत नाही, सगळं माहीत असून लिहिते. सोमवारी वर्गावर जा.

जशी आहे तशी, तुझीच
वहिनी